भाऊ दिव्यांग असताना: अभिमान, अपराधीपणा आणि भावंडांचे वारंवार येणारे प्रश्न

माझा दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मतःच एक गुणसूत्र जादा. आमचं घर मालवणच्या बाजूला, लाटांचा आवाज माजघरात येतो इतकं किनाऱ्याजवळ. मी नोकरीमुळे मुंबईत असते. दादाबद्दल उघडपणे बोलायला लागल्यापासून दिव्यांगांची इतर भावंडं मला विचारू लागली. कुणी देवगडचं, कुणी हर्णैचं, आणि बरीचशी विरार-डोंबिवलीत राहणारी चाकरमानी मंडळी. प्रश्न पुन्हा पुन्हा तेच येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. दादासोबत राहून आणि कचेऱ्यांत चपला झिजवून जे कळलं, तेवढंच सांगते.

१. मला भावाचा अभिमान वाटतो आणि त्याच्यासमोर अपराधीही वाटतं. दोन्ही एकदम कसं?

बहुतेकांना दोन्ही वाटतं, कधी कधी तर एकाच मिनिटात. गणपतीत दादा आरतीला झांजा वाजवतो. त्याचा ठेका चुकत नाही. बघताना ऊर भरून येतो, आणि तेवढ्यात मनात येतं की याच्या वयाचा एकही मित्र याला नाही आणि मी परवा रात्रीच्या गाडीने निघणार आहे. तो आपला आहे म्हणूनच हे दोन्ही वाटतं. त्यामुळे एक भावना खरी आणि दुसरी खोटी असं ठरवत बसू नका. मात्र दोन्ही नीट तपासून घ्याव्या लागतात. अपराधीपणाबद्दल प्रश्न २ आणि ३ मध्ये लिहिलं आहे, अभिमानाबद्दल ४ आणि ५ मध्ये.

२. मी त्याचं काही वाईट केलेलं नाही, तरी अपराधी का वाटतं?

कारण तुम्ही पुढे गेलात. धाकट्या भावंडांना हे जास्त लागतं. आई पावसाळ्यात आम्हा दोघांना पडवीत बसवून बाराखडी घोकून घ्यायची. मला ती भराभर यायला लागली आणि दादा ‘का’ वरच अडला, तेव्हा मी मुद्दाम चुकीचं वाचू लागले. त्याला एकट्याला मागे ठेवायला नको वाटायचं. आईच्या लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिने पाटी पदराने पुसली, मला एकटीला आत चुलीपाशी नेलं आणि सगळं वाचायला लावलं. मी रडत रडत बरोबर वाचलं.

असं कितीतरी जणांनी केलेलं असतं. कुणी दहावीचे पेढे वाटू दिले नाहीत, कुणी सहलीला गेलं नाही. या अपराधीपणाला माफी मागायला समोर कुणी नसतं, कारण कुणी कुणाचं हिरावून घेतलेलं नाही. तुम्हाला जे मिळालं ते त्याच्या वाट्यातून काढून दिलेलं नव्हतं. माझा एकच आग्रह आहे: आपलं चांगलं झालेलं त्याच्यापासून लपवू नका. मला नोकरी लागली तेव्हा दादाने सगळ्या वाडीत पेढे वाटले आणि घरोघर सांगितलं, “आमका नोकरी लागली.” मी लपवत बसले असते तर त्याचा हा आनंदही गेला असता.

३. लहानपणी मी त्याला मारायचे, मैत्रिणींपासून लपवायचे. ते आठवलं की झोप लागत नाही.

हा अपराधीपणा वेगळा. इथे खरंच काही घडलेलं आहे.

मी अकरावीत असताना कॉलेजच्या मैत्रिणी घरी आल्या. दादा खळ्यात उभा होता. एकीने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, शेजारचा. त्यानंतर दारात अनोळखी चपला दिसल्या की दादा उठून शेजाऱ्यांच्या पडवीत जाऊन बसायचा. मला कित्येक वर्षं वाटत होतं की त्याला त्यांचा टीव्ही आवडतो. खरं काय ते आईने सांगितलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. दादाने तिला विचारलं होतं, “मी शेजारचो?”

मी माफी मागितली ती एका मे महिन्यात. तो रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसला होता, हात लालभडक. मी म्हटलं, “दादा, तेव्हा मी खोटं बोलले. तू शेजारचा नाहीस, माझा दादा आहेस.” तो म्हणाला, “माका म्हायत आसा,” आणि पुढचा रतांबा उचलला.

माफी त्याच्याजवळ मागा, त्याला कळेल अशा शब्दांत, नेमक्या गोष्टीची. त्याच्यासमोर रडून त्यालाच तुमची समजूत घालायला लावू नका. मग वागणं बदला. आता पाहुणे आले की मी आधी दादाची ओळख करून देते. अजूनही कधी कधी तो उठून शेजारी जातो. मग मी जाऊन त्याला घेऊन येते.

मारण्याबद्दल एक सांगायचं आहे. आठ वर्षांच्या मुलावर बारा वर्षांच्या भावाची राखण टाकली जाते, आणि तो हट्टाला पेटला की त्या लहान हातांत दुसरा उपाय नसतो. माफी जरूर मागा. पण त्या आठ वर्षांच्या मुलाकडे चाळिशीच्या माणसाइतकी समज मागू नका.

४. लोक म्हणतात, “किती करतंस गो भावासाठी!” ऐकून बरं वाटतं आणि नंतर लाज वाटते.

तो अभिमान त्याचा आहे की तुमचा स्वतःचा, हे विचारून बघा. माझ्या बाबतीत याचा निवाडा दाढीवरून झाला. दादाची दाढी मी करायचे. तो स्वतः करायला शिकला तेव्हा आनंद झाला, पण त्याच्याही आधी आत एक बारीक कळ आली: आता हे काम माझं राहिलं नाही. तेव्हा कळलं की ‘त्याला माझ्यावाचून चालत नाही’ याचाच मला अभिमान होता. तसा अभिमान बाळगणारी बहीण भावाला नकळत परावलंबी ठेवते.

आपल्या कष्टांचं कौतुक झालं तर बरं वाटणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मी आता उत्तर देते, “तोही माझ्यासाठी करतो,” आणि काय करतो ते सांगते. एसटी स्टॅण्डवर तो गाडीच्या अर्धा तास आधी येऊन थांबतो. माझी बॅग कुणाला उचलू देत नाही.

जाता जाता आणखी एक. घरात भाऊ-बहीण दोघं सांभाळणारे असतील, तर मुलाला दोन तास बसल्याबद्दल शाबासकी मिळते आणि मुलीला दहा वर्षांनी. मला हे मुळीच पटत नाही, आणि बहिणींनी ते घरात बोलून दाखवावं.

५. अभिमान वाटावा असं तो काही करतच नाही. ओढूनताणून वाटवून घेऊ का?

नको. त्याला ते कळतं. पण बघायचं कुठे, हे कदाचित बदलावं लागेल.

आमच्या किनाऱ्यावर रापण लागते. होडीतून जाळं अर्धगोल टाकून येतात आणि दोन्ही बाजूंचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. दोराला हात लावला त्याला मासळीतला वाटा, ही जुनी रीत. दादा कित्येक वर्षं नुसता बघत उभा असायचा. एकदा रापणकरांपैकी एका म्हाताऱ्या काकांनी त्याला शेवटच्या माणसाच्या मागे उभं केलं, दोर त्याच्या हातात दिला आणि टाच वाळूत कशी रोवायची ते दाखवलं. त्या दिवशी दादा प्लास्टिकच्या पिशवीत सात बांगडे घेऊन घरी आला. पिशवी आईच्या हातात न देता त्याने स्वयंपाकघराच्या मधोमध ठेवली. “माका वाटो गावलो.” आईने त्याच्यादेखत ते मोजले. तळवे सोलवटलेले होते, हळद लावू दिली नाही.

त्या अभिमानात कुणाची दया नव्हती. त्याने दोर ओढला आणि त्याचा वाटा त्याला मिळाला. तुमच्या भावाच्या हातात कुणी दोर दिलाय का, हे आधी पाहा.

तीव्र दिव्यांगत्व असेल तर कर्तबगारी शोधूही नका. देवगडकडच्या एका भावाने मला कळवलं की त्याचा धाकटा भाऊ बोलत नाही, उठून बसत नाही, पण पेज नको असली की ओठ मिटतो आणि डावीकडे बघतो. “त्याचं ‘नको’ मला ओळखता येतं, याचा मला अभिमान आहे.” मला हे फार खरं वाटतं.

६. त्याच्याबद्दल बोलताना शब्द कोणता वापरावा?

सरकारी कागदांवर ‘दिव्यांग’ असतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत, आधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच होते. घरी त्याचं नाव किंवा नातं पुरतं. कुणी विचारलं तर नेमकं निदान सांगा. ‘तो आजारी असतो’ म्हणू नका. डाउन सिंड्रोम म्हणजे उतरायचा ताप नव्हे. आणि ‘खुळो’ हा शब्द कुणी लाडाने म्हणाला तरी मी तिथेच थांबवते.

७. गावात म्हणतात घराण्याचा दोष आहे, कौल लावा. आईला अजून वाटतं तिचंच काही चुकलं.

आईचा अपराधीपणा न सांगताच मुलांपर्यंत पोचतो, म्हणून तो तिच्याजवळ बसून सोडवायला हवा. डाउन सिंड्रोममध्ये पेशींत २१ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. हे कारण १९५९ मध्ये स्पष्ट झालं. गरोदरपणी ग्रहणात सुरी हातात घेतल्याने, कुणाच्या नजरेने किंवा राखणदाराच्या कोपाने ते होत नाही. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण तरुण आयांनाही अशी मुलं होतात.

मी आईला दादाच्या तपासणीचा कागद दाखवला. जोड्या लावलेल्या होत्या आणि एकविसाव्या जागी तीन बारकी काडकं. तिने त्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. मग म्हणाली, “एवढांसाच?”

देवळात गाऱ्हाणं घालायला माझी हरकत नाही. आईला तिथे मोकळं वाटतं, आणि शिमग्याला पालखी दारात आली की दादा सगळ्यांच्या पुढे असतो. हरकत आहे ती भगताला पैसे देऊन थायरॉइडच्या गोळ्या बंद करण्याला. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइड आणि हृदयाचे दोष बऱ्याच जणांत आढळतात, त्यामुळे तपासणी चुकवू नका.

८. माझं लग्न ठरतंय. भावाबद्दल कधी सांगू? माझ्या मुलांना तसं होईल का?

पहिल्याच भेटीत सांगा, आणि भाऊ घरात असेल तर त्याला तिथेच बसू द्या. माझ्या एका स्थळाने सगळं पसंत करून दादाला पाहिल्यावर नकार कळवला. त्या रात्री मला दादाचा राग आला आणि सकाळी त्या रागाची लाज वाटली. लग्न त्यांनी मोडलं होतं. दादा फक्त चहाचा ट्रे घेऊन आला होता.

आता वैद्यकीय भाग. डाउन सिंड्रोम बहुतेक वेळा आनुवंशिक नसतो. थोड्या जणांत ते जादा गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. हा प्रकार आई किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो, आणि मग भावंडांनीही रक्ताची गुणसूत्र तपासणी करून घ्यावी. जन्मावेळी प्राणवायू कमी पडून झालेली सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहणं) पुढच्या पिढीत जात नाही. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीत (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार) मात्र बहीण वाहक असू शकते, तिला स्वतःला काही त्रास नसला तरी. म्हणून आधी भावाचं नेमकं निदान काढा आणि मग जनुकीय सल्ला घ्या. तुमच्या तपासणीला त्याच्यावरचा अविश्वास समजू नका.

९. मी मुंबईत, तो आणि आई-बाबा गावी. प्रत्येक वेळी निघताना जीव तुटतो.

माझाही तुटतो. गाडी वळेपर्यंत दादा हात हलवत असतो. यावर उपाय मला सापडलेला नाही. त्यात भर पडू नये म्हणून मी एवढं करते.

अधूनमधून येऊन सगळंच करण्यापेक्षा एखादं काम कायमचं माझ्या नावावर घेतलं आहे: दादाचे सगळे कागद. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), औषधं, बँक. आई-बाबांच्या डोक्यावरचं तेवढं ओझं कमी झालं. रोज रात्री साडेआठला फोन, पाच मिनिटं. ‘येते’ म्हटलं की येते, नसेन येणार तर आधीच सांगते, कारण तो कॅलेंडरवर फुली मारून बसतो. त्याला मुंबईला आणायचं तर एसटीत भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. बौद्धिक दिव्यांग आणि सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्याला रेल्वेत स्लीपरला ७५ टक्के सवलत मिळते, तेवढीच सोबत्यालाही.

१०. आई-बाबांनंतर कायद्याने मीच त्याचा पालक का?

आपोआप नाही. १८ वर्षं पूर्ण झाली की तो कायद्याने सज्ञान असतो, आणि तिथून पुढे आई-वडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. बऱ्याच घरांना हे बँकेच्या खिडकीपाशी कळतं.

स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. नातेवाईक म्हणून भावंडही अर्ज करू शकतं. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. मला ही अट आवडते, ती भावाच्या बाजूची आहे. इतर प्रकारांत २०१६ च्या कायद्याखाली मर्यादित पालकत्व मिळू शकतं, त्यात निर्णय त्याला विचारून घ्यायचे असतात.

आई-बाबा हिंडते-फिरते असतानाच आणखी दोन कामं उरका. वडील सरकारी नोकरीतून निवृत्त असतील आणि भाऊ स्वतः कमावू शकत नसेल, तर त्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. त्याचं नाव वडिलांच्या हातूनच कागदावर चढवून घ्या. आमचे बाबा प्राथमिक शिक्षक होते, त्यांनी ते केलं आणि त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोपले. दुसरं, वरच्या चार प्रकारांसाठी ‘निरामय’ आरोग्य विमा आहे, १ लाख रुपयांपर्यंतचा, आधी वैद्यकीय तपासणी न करता.

आणि एक गोष्ट मनात धरून ठेवा: डाउन सिंड्रोममध्ये म्हातारपण लवकर येतं. चाळिशी-पन्नाशीतच विस्मरण सुरू होऊ शकतं. बेत त्या हिशेबाने करा.

११. काका म्हणतात, त्याचं नाव सातबाऱ्यावर कशाला? हक्कसोड करून टाका.

हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम २८: आजार, व्यंग किंवा विरूपता यामुळे कुणाचाही वारसाहक्क जात नाही. म्हणजे आंब्याच्या बागेत त्याचा वाटा तुमच्याइतकाच. ज्याला कागदाचा अर्थ कळत नाही त्याचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र कायद्यापुढे टिकत नाही, आणि पालकालाही त्याची मालमत्ता मनमानी वाटून टाकता येत नाही.

बहिणींनो, स्वतःचा हक्क सोडायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. पण त्याच्या वतीने ‘मोठं मन’ दाखवू नका. पुढे त्याच्या औषधांना पैसे मागायची वेळ आली की हीच मंडळी तोंड फिरवतात.

१२. मी त्याला माझ्या घरी ठेवू शकत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तसं करायचंही नाही.

हे लिहायला धैर्य लागतं, आणि असं लिहिणारे बरेच आहेत. जबाबदारी घेणं आणि एका छपराखाली राहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही कायदेशीर पालक होऊ शकता, खर्च उचलू शकता, दर महिन्याला जाऊ शकता, आणि तो गावातच सोबतीला ठेवलेल्या माणसाबरोबर किंवा चांगल्या निवासी संस्थेत राहू शकतो. संस्था निवडताना न सांगता जेवणाच्या वेळी जा. मुलं हसतात का, दारं उघडी असतात का, अंघोळ कोण घालतं, हे डोळ्यांनी पाहा.

आधी त्याला विचारा. आम्ही धरून चाललो होतो की दादाला मुंबई आवडेल. तो चौथ्या दिवशी बाल्कनीत उभा राहून म्हणाला, “दर्या खंय?” नवरा किंवा बायको काय म्हणते हेही आत्ताच बोलून घ्या. आई-बाबांच्या तेराव्याला नव्हे.

१३. ‘हा नसता तर’ असं मनात येऊन गेलं. मी राक्षस आहे का?

नाही. माझ्याही मनात येऊन गेलं आहे. दमलेल्या माणसाच्या मनात येतं, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला चार तास झोप हवी’ इतकाच असतो. ती झोप मिळवा, दुसऱ्याला पाळी द्या, आपल्यासारख्याच एखाद्या भावंडाशी बोला. पण विचार रोज येऊ लागला, किंवा आपल्या हातून त्याला किंवा स्वतःला इजा होईल असं वाटलं, तर त्याच दिवशी कुणाला तरी जवळ बोलवा आणि मनोविकारतज्ज्ञाला भेटा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

१४. माझा भाऊ चालू शकत नाही, पण बुद्धीने माझ्यापेक्षा तल्लख आहे. माझ्या अपराधीपणाचा त्याला संताप येतो.

त्याचा संताप रास्त आहे. वरची पालकत्वाची उत्तरं (प्रश्न १०) त्याला लागू नाहीत, त्याच्या सह्या आणि निर्णय त्याचेच. तुमच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा त्याला रोज आठवण करून देतो की तुम्ही त्याचं आयुष्य उणं समजता. त्याच्याशी भांडा. त्याच्याकडे उसने पैसे मागा. हर्णैच्या एका ताईंनी सांगितलं, भावाने दारातल्या पायरीशेजारी उतार बांधायला सांगितला होता. त्या दोन वर्षं नुसत्या हळहळत राहिल्या. शेवटी गवंडी बोलावला, काम एका दिवसाचं निघालं.

१५. भाऊ गेला. सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचंच आता जास्त अपराधी वाटतंय.

माझा दादा आहे, त्यामुळे हे मी इतरांकडून ऐकलेलं सांगते. वर्षानुवर्षं रात्री दोनदा उठून पांघरूण बघणाऱ्या शरीराला पहिल्यांदा सलग झोप लागते, तेव्हा सुटल्यासारखं वाटतंच. काही जण सांगतात की दोनला जाग येणं महिनोन्महिने थांबत नाही, आणि अंथरूण रिकामं बघून परत झोपावं लागतं.

त्याला गेल्यावर देवमाणूस करू नका. वेंगुर्ल्याच्या एका ताईंनी कळवलं की भावाच्या वर्षश्राद्धाला जो तो “अगदी देवमाणूस होता” म्हणत होता. त्यांना ते सहन होईना. मग त्यांनी सगळ्यांना सांगितलं की तो फणसाचे गरे चोरून खायचा आणि आठळ्या उशीखाली लपवायचा, आणि पकडला गेला की बहिणीकडे बोट दाखवायचा. जेवणाच्या पंगतीत हसू फुटलं. आईने आत जाऊन गरे आणले आणि त्याच्या पानावर वाढले.